बरकतपुऱ्याचं स्थळ

नांदेड
१७ नोव्हेंबर १९९३

चि. शशिकांत,

आशीर्वाद देते, पण रागातच देते. भाऊबीजेला पाट मांडला, रांगोळी काढली, आणि तुझ्याऐवजी पोस्टमन आला. कार्डावर चार ओळी, त्यातही दोन कामाच्या रगाड्याच्या. अशाने बहिणीनं पोस्टमनलाच ओवाळावं.

आता मुद्द्याचं. अनूला स्थळ आलंय, आणि पहिल्यांदाच तिनं नाक मुरडलेलं नाही. तुझी भाची कशी आहे तुला ठाऊक आहे. एक मुलगा फार बोलतो म्हणून नको, दुसरा काहीच बोलत नाही म्हणून नको, तिसऱ्यानं तिची कॉलेजातली नोकरी म्हणजे वेळ घालवायचं साधन असं म्हटलं म्हणून नको. नवरात्रात अनूच्या जयवंतामावशीनं हैदराबादला काचीगुड्यात आपल्या घरी एका मुलाची भेट घालून दिली. गच्चीवर दोघं बोलत बसले. खाली आली तेव्हा मला म्हणाली, "आई, या माणसानं माझं बोलणं एकदाही मधेच तोडलं नाही." आपल्या घरातल्या पुरुषांना ओळखणाऱ्या पोरीला ही केवढी मोठी गोष्ट वाटली असेल!

मुलगा गौतम उमरीकर. बरकतपुऱ्यातल्या एकनाथराव मास्तरांचा. आणि गंमत म्हणजे नोकरी तुझ्याच कारखान्यात, खरेदी विभागात इंजिनिअर. हातच्या काकणाला आरसा कशाला? तू तिथल्या व्हिजिलन्सचा मुख्य. कोण किती पाण्यात आहे ते तुझ्याइतकं कोणाला माहीत असणार! मला तुझ्या कचेरीतली गुपितं नकोत. मुलगा कसा आहे एवढी एक ओळ लिही. आमचा होकार तुझ्या ओळीवर थांबलाय.

फोन करत नाही, कारण एस.टी.डी. बूथच्या काचेच्या डब्यात उभं राहून लेकीच्या लग्नाचं बोलायचं म्हणजे बाहेरच्या सगळ्या रांगेला निमंत्रण.

माधवीला आशीर्वाद.
तुझी,
अक्का

---

हैदराबाद
३० नोव्हेंबर १९९३

ती. अक्का,

पाया पडतो. राग मान्य, आणि पुढच्या भाऊबीजेला दोन्ही वर्षांचं ओवाळून घेईन.

खरंच श्वास घ्यायला फुरसत नाही. इतकी वर्षं आमचे पंप सरकारनं बनवले नि सरकारनंच विकत घेतले. आता बाजार खुला झालाय, परदेशी पंप येणार म्हणतात. कारखाना जुने ठेकेदार सोडून नवे शोधू लागलाय, आणि ज्याचं काम सुटतं तो निनावी अर्ज टाकतो. अनूला लहानपणापासून वाटतं की मामा चोर पकडतो. पकडत कुठला! माझा दिवस कोणता अर्ज खरा धरायचा, तो तपासायला कोणाकडं द्यायचा नि त्यानं तो कपाटात कुजवू नये म्हणून त्याच्या किती मागं लागायचं, यातच जातो.

स्थळाबद्दल. घराणं उत्तम. एकनाथराव मास्तरांनी अर्ध्या बरकतपुऱ्याला गणित शिकवलंय आणि उरलेल्या अर्ध्याला शिकवता आलं नाही म्हणून हळहळलेत.

मुलाबद्दल मात्र मी काही लिहू शकत नाही. माझ्या खुर्चीवरच्या माणसानं कोणत्याही कर्मचाऱ्याबद्दल बरं किंवा वाईट बोलू नये. तुम्ही आणखी कोणाकडून माहिती काढा. यातून कसलाही अर्थ काढू नकोस. पुन्हा सांगतो, अर्थ काढू नकोस.

माधवीनं लिंबाचं लोणचं केलंय. येणाऱ्या-जाणाऱ्या कोणाबरोबर पाठवतो.

तुझा,
शशी

---

नांदेड
९ डिसेंबर १९९३

चि. शशी,

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. तू तर शब्दही वापरला नाहीस, तरी वर्मी लागला.

गेल्या वर्षी जयवंतामावशीच्या कवितासाठी तुझ्याच कारखान्यातला अकाउंट्समधला मुलगा बघितला होता, आठवतं? तेव्हा तू दोन पानं भरून लिहिलं होतंस. मुलगा निर्व्यसनी, वरिष्ठांचा लाडका, स्वतःचा डबा स्वतः धुतो, इथपर्यंत. तेव्हाही तू याच खुर्चीवर होतास. मग या मुलाच्या वेळी दोन शब्दही निघेनात, आणि वर अर्थ काढू नकोस असं दोनदा बजावतोस. आम्ही काय दूधखुळे आहोत?

तुझी अडचण कळली, आणि अडचणीतूनही तू भाचीला वाचवलंस हेही कळलं. उमरीकरांना पत्रिका जमत नाही म्हणून कळवून टाकलं. मध्यस्थ म्हणून जयवंतामावशीला तेवढं सांगावं लागलं. तिलाही फक्त "शशीनं काहीच लिहिलं नाही" एवढंच म्हटलं, शपथ घालून.

अनू माझ्याशी धड बोलत नाही. तिला वाटतं मी कारण दडवतेय. कारण मलाच ठाऊक नाही हे तिला कसं पटवू? पण आज रडली तर चालेल, जन्मभर रडण्यापेक्षा बरं.

देव तुझं भलं करो.
अक्का

---

हैदराबाद
१८ जानेवारी १९९४

ती. अक्का,

काय करून बसलीस! नाही, असं नको म्हणायला. काय करून बसलो मी!

मी नकार दिला नव्हता गं. मी काहीच दिलं नव्हतं. पण एकाबद्दल दोन पानं लिहिल्यावर दुसऱ्याबद्दल कोरा कागद ठेवला की लोक तो वाचणारच. बोलायचं नव्हतं तर कविताच्या वेळीही बोलायला नको होतं. तेव्हा मला मामेपणा मिरवायची हौस आली, आणि तिची फेड आता दुसऱ्याचं पोर करतंय.

जयवंतामावशीची शपथ दीड महिनाही टिकली नाही. संक्रांतीला माधवी बरकतपुऱ्यात हळदीकुंकवाला गेली, तर ती आत शिरताच बायकांनी विषय बदलला. मग एकीनं विचारलंच, "उमरीकरांच्या पोराचं काय निघालं हो?" कारखान्यात तर त्याच्या टेबलाकडं कोणी कागद पाठवेना. न जाणो, आपलंही नाव त्याच्याबरोबर यायचं.

रविवारी एकनाथराव स्वतः घरी आले. मी चौथीत असताना ज्यांनी माझ्या पाटीवर शून्य काढलं होतं, ते मास्तर माझ्यासमोर टोपी हातात धरून बसले. चहा घेतला नाही. म्हणाले, "शशिकांतराव, बहुत परेशान आहोत. पत्रिका मी स्वतः बघितली होती, जमत होती. पोरानं काय केलं ते तरी बोला. केलं असेल तर मीच त्याला घराबाहेर काढतो. नाही केलं तर ही बेइज्जती कशापायी?" मी म्हटलं, मास्तर, मला बोलता येत नाही. "हौ, तेच तर सगळे सांगतायत," म्हणाले, नि उठून गेले.

दुसऱ्या दिवशी गौतमला बोलावून मी खरं सांगितलं. गल्लीला ठाऊक झालेलं त्या मुलाला ठाऊक नसावं हे मला पाहवेना. आणि त्याला सांगितलंय म्हणून तुलाही लिहितो. त्यानं केलेल्या एका खरेदीबद्दल निनावी अर्ज आलाय. चौकशी चालू आहे. अर्ज म्हणजे दोष नव्हे, अक्का. तो दोषी आहे असं मी म्हणत नाही, नाही असंही म्हणत नाही, कारण तपास व्हायचाय.

काल मोठ्या साहेबांना लेखी कळवलं, की या मुलाचं आमच्या घरात स्थळ आलं होतं, गोष्ट माझ्या घरातून फुटली, तेव्हा हे प्रकरण माझ्याकडं नको. खरं तर तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी कळवायला हवं होतं. आता ते आमच्या बेंगलोरच्या कचेरीतल्या अधिकाऱ्याकडं जाईल. न्याय होईल, पण कधी होईल ते सांगता येत नाही. तिथलं कपाट आमच्यापेक्षाही मोठं आहे.

आता कोणाला काही सांगू नकोस. माझी बाजू घ्यायलाही नको.

शशी

---

नांदेड
६ फेब्रुवारी १९९४

प्रिय मामा,

साष्टांग नमस्कार. तुमचं आईला आलेलं पत्र मी वाचलं. तिला वाटतं तिनं ते लपवलंय. पण डाळीच्या डब्याखाली ठेवलेली पत्रं आमच्या घरात बाबांसकट सगळेच वाचतात.

मी त्यांच्याबद्दल तुम्हाला एक अक्षरही विचारणार नाही. मी त्यांना एकदाच भेटलेय, त्यामुळं त्यांची बाजू घ्यायचा मला तसा हक्क नाही. फक्त दोन गोष्टी विचारते, कोणाच्याही बाबतीतल्या. अशी चौकशी किती दिवस चालते? आणि काहीच निघालं नाही, तर त्या माणसाला ते कोण सांगतं?

मी वर्गात एखाद्या मुलीवर कॉपीचा संशय घेतला नि तो खोटा निघाला, तर सगळ्या वर्गासमोर तसं सांगते. तुमच्याकडंही काहीतरी पद्धत असेलच ना?

तुमची,
अनू

---

हैदराबाद
४ मार्च १९९४

चि. अनू,

उत्तराला उशीर झाला. तुझ्या दोन प्रश्नांनी माझी झोप उडवली.

किती दिवस? मुदत नाही. कोण सांगतं? कोणीच नाही. काही निघालं तर माणसाला कागद जातो. निघालं नाही तर कागद कपाटात जातो, आणि माणूस वाट बघत राहतो.

तुझं पत्र आल्यावर मी जुनं कपाट उघडून बसलो. माझ्या आधीच्यांच्या काळातली प्रकरणं. त्यात एका स्टोअरकीपरचं होतं. तपासणाऱ्यानं स्पष्ट लिहिलं होतं, काही आढळलं नाही. पण त्याखाली प्रकरण बंद केलं असं लिहून सही करायला कोणी धजलं नव्हतं. चौकशी चालू म्हणून त्याची बढती थांबली ती थांबलीच. तो गेल्या वर्षी वारला. अनू, मी त्या माणसाला ओळखत होतो. जिन्यात भेटला की तो माझ्याकडं बघायचा, नि मला वाटायचं, हा असा का बघतो? खोलीचं दार लावून मी रडलो. पन्नाशीच्या माणसानं भाचीला हे लिहू नये, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

असं का होतं तेही सांगतो. चौकशी उघडी ठेवली म्हणून आजवर कोणाला जाब विचारलेला मी पाहिला नाही. बंद केली की मात्र सगळे विचारतात, का बंद केली, कोणाच्या सांगण्यावरून केली? मग शहाणा माणूस काय करील?

मी आता वर लिहून दिलंय, की प्रत्येक चौकशीला मुदत हवी, आणि काही आढळलं नाही तर त्या माणसाला तसं लेखी द्यायला हवं. मोठ्या साहेबांनी मला बसवून घेतलं. "शशिकांत साब, आज लिखके दिया, कल कुछ निकला, तो गर्दन किसकी?" मी म्हटलं, माझी, सही माझी असेल. "सोच लो," म्हणाले. होही म्हणाले नाहीत नि नाहीही.

बेंगलोरच्या प्रकरणाला यानं घाई होईल असं समजू नकोस. तिथं मी एक शब्दही टाकणार नाही. आता मला तेवढंच नीट करता येण्यासारखं आहे.

मामा

---

नांदेड
२० जून १९९४

चि. शशी,

अनूला लिहिलेलं पत्र वाचलं. डाळीचा डबा ती पण वापरते.

परभणीचं एक चांगलं स्थळ तिनं परतवून लावलं. मी चिडले तर म्हणाली, "आई, पत्रिका जमत नाही म्हणून कळव. तुला सवय आहे." तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

मला सारखे मास्तर दिसतात, टोपी हातात धरलेले. मी येऊन त्यांचे पाय धरू का? तू म्हणशील तेव्हा येते. पण आता तरी काहीतरी स्पष्ट लिही बाबा. तुझ्या मौनाची मला धास्ती बसलीय.

अक्का

---

हैदराबाद
२ सप्टेंबर १९९४

ती. अक्का,

घे, स्पष्ट लिहितो. काही आढळलं नाही. गौतम निर्दोष आहे.

हे त्याची परवानगी घेऊन लिहितोय. जुन्या ठेकेदाराचे ओतीव भाग तडकत होते, म्हणून त्यानं जाहीर निविदा काढून सिकंदराबादच्या नव्या फाउंड्रीला काम दिलं. अर्जात लिहिलं होतं की फाउंड्रीचा मालक त्याचा भाऊबंद. का, तर मालकही उमरीकर! बेंगलोरचा अधिकारी भला माणूस, पण आडनाव एक म्हणजे घर एक असंच तो धरून बसला. उमरी गावातून बाहेर पडलेला जो तो उमरीकरच म्हणवतो, मग तो मास्तर असो की वाणी, हे तिकडं कोणाला ठाऊक? त्यानं माणूस पाठवून दोन्ही घराण्यांची मुळं उमरीपर्यंत खणली, नि त्यात उन्हाळा गेला. मी एका वाक्यात सांगू शकलो असतो. पण मी बाजूला झालो होतो, आणि बाजूला होणं म्हणजे जीभ चावून बसणंच. ते फार जड गेलं.

आता ऐक. माझी मागणी जुलैत मंजूर झाली. आणि बेंगलोरचा निकाल आल्यावर कारखान्यातर्फे पहिलं पत्र निघालं ते गौतमला. आम्ही माणसाला नेहमी आमच्या खोलीत बोलावतो. या वेळी मी ठरवलं की मीच जाणार. भर दुपारी, खरेदी विभागाचा हॉल भरलेला असताना. मला आत येताना बघून टाइपरायटर थांबले. कोणाचे दिवस भरले, असंच सगळ्यांच्या चेहऱ्यावर. मी गौतमच्या टेबलाशी गेलो, पत्र दिलं आणि मोठ्यानं म्हणालो, "उमरीकर, तुमच्याविरुद्ध चौकशी झाली. काहीही आढळलं नाही. झालेल्या त्रासाबद्दल कारखान्याला खेद आहे." शेवटचं वाक्य पत्रात नव्हतं. ते मी आपल्या पदरचं घातलं.

तो उभा राहिला, पत्र वाचलं, "थँक यू, सर" म्हणाला आणि बसला. मग समोरची फाइल उघडून बघत राहिला. फाइल उलटी होती, ते त्याच्या लक्षात आलं नाही.

मी वळलो तर टोकाचे यादगिरी टायपिस्ट उठले. अबोल माणूस, निवृत्तीला आलेला. म्हणाले, "साब, मेरे उपर भी एक अर्ज था, बोलते थे लोगां. वो खतम हुआ क्या?" अक्का, मला माहीत नव्हतं. उद्या सांगतो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दाराशी यादगिरी होते, आणि त्यांच्या मागं आणखी माणसं.

आता तू खुशाल ये. उमरीकरांना काय सांगायचं ते मात्र तुझं तूच बघ.

शशी

---

नांदेड
२० ऑक्टोबर १९९४

चि. शशी,

दसऱ्याला हैदराबादला येऊन गेले, नि तुझ्याकडं उतरले नाही, म्हणून फुगून बसू नकोस. तुझ्या घरून उमरीकरांकडं गेले असते तर लोक म्हणाले असते, भावानं पाठवली. लोक काय म्हणतील याचा विचार करायला तुझ्याकडूनच शिकले.

मुद्दाम संध्याकाळी गेले, सोनं म्हणून जम्मीची पानं द्यायला आळीतली सगळी माणसं घरोघर हिंडत असतात तेव्हा. मास्तरांच्या बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. जयवंतामावशीला हात धरून बरोबर नेलं होतं, निसटू दिलं नाही. पानं मास्तरांच्या हातात दिली आणि सगळ्यांदेखत म्हटलं, "पत्रिका जमत होती. मी खोटं बोलले. तुमच्या मुलात काही खोट नव्हती, माझ्या धीरात होती. मुलीची आई एकदा नाही म्हटलेल्या दारात परत येत नाही म्हणतात. मी आलेय."

गौतमच्या आईनं पदर डोळ्यांना लावला. मास्तर पानं बघत राहिले, मग म्हणाले, "बसा, आधी बसा." गौतमच आतून पाणी घेऊन आला. मला म्हणाला, "मावशी, तुमचा राग नाही आला. तुम्ही निदान विचारलं तरी. कारखान्यात तर कोणी विचारलं पण नाही." मी इतकी रडले की जयवंतामावशीला मला सावरावं लागलं. तिला तेवढीच शिक्षा.

मग गौतम नांदेडला आला. दोघं अंगणात बोलत बसली. त्याला पुण्याच्या एका परदेशी कंपनीनं बोलावलंय, दुप्पट पगारावर. म्हणाला, आत्ता सोडलं तर लोक म्हणतील काढून टाकलं, म्हणून एक-दोन वर्षं कारखान्यातच काम करणार. अनू म्हणाली, मग मी हैदराबादला नोकरी बघते. झालं! आम्हाला नंतर कळवलं.

लग्न अकरा डिसेंबरला, रविवारी, काचीगुड्याच्या मंगल कार्यालयात. रीतीनं नांदेडला व्हायचं, पण मीच हट्ट धरला. ज्यांनी ज्यांनी तोंड चालवलं, त्यांनी तिथंच येऊन जेवावं. अनूला बोहल्यावर तू आणायचंस. फेटा शोधून ठेव.

अक्का

---

हैदराबाद
५ नोव्हेंबर १९९४

ती. अक्का,

तू दसऱ्याला जे केलंस ते मला जन्मात जमलं नसतं. वाकून नमस्कार.

पण लग्नाला मी येऊ शकणार नाही. ऐकून घे. मी अनूला हाताला धरून बोहल्यावर आणलं, की सोमवारी कारखान्यात बोलणार, बघा, मामानं भाचीच्या नवऱ्याला सोडवला. गौतमच्या हातातलं पत्र कवडीमोल होईल. आणि यादगिरींना परवा तसंच पत्र मिळालंय, आणखी काहींना मिळायचंय. ती सगळीच वशिल्याची ठरतील.

दहा डिसेंबरला मी दिल्लीला कामासाठी जातोय. मुद्दामच. अनूला आणायला आपल्या अरविंदला सांग. माझ्या मनाला काय वाटतं ते लिहीत नाही.

शशी

---

नांदेड
१४ नोव्हेंबर १९९४

प्रिय मामा,

आईनं तुमचं पत्र या वेळी लपवलं नाही. सरळ माझ्या पुढ्यात टाकलं आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटत बसली.

मामा, गेल्या वर्षी तुम्ही काही लिहिलं नाहीत, नि लोकांनी ते वाचलं. आता तुम्ही येणार नाही, तर ते काय वाचतील? सख्खा मामा, त्याच गावात राहणारा, व्हिजिलन्सचा मुख्य, आणि भाचीच्या लग्नाच्या दिवशी दिल्लीला! जयवंतामावशीलासुद्धा काही बोलावं लागणार नाही. सगळी बैठक आपोआप म्हणेल, अजून कुठंतरी पाणी मुरतंय. मास्तर समोरच बसलेले असतील.

गौतम म्हणतात, मामांवर जबरदस्ती करू नकोस, त्यांचं म्हणणं खरं आहे. ते असेच आहेत. पण मी तुमची भाची आहे.

अरविंदमामा चांगले आहेत, पण मी त्यांचा हात धरणार नाही. तुम्ही आला नाहीत तर मी एकटीच चालत येईन.

अनू

---

हैदराबाद
२२ नोव्हेंबर १९९४

चि. अनू,

तुझं पत्र खिशात घेऊन मी दोन-तीन दिवस कारखान्यात हिंडलो. मग मोठ्या साहेबांकडं गेलो. म्हटलं, गौतम उमरीकर माझा भाचेजावई होतोय. त्याच्या विभागाची कोणतीही तक्रार यापुढं माझ्याकडं येऊ नये, दुसरा माणूस नेमा, आणि हे सगळ्यांना कळवा. साहेब हसले. "फिर भी बोलेंगे लोगां." मी म्हटलं, बोलू द्या. लपलेलं शोधत बसण्यापेक्षा उघड्या गोष्टीवर बोलतील.

काल नोटीस बोर्डावर तो हुकूम लागला. त्याच्या शेजारी मी तुमची लग्नपत्रिका लावली, माझ्या हातानं. दुपारी यादगिरी ती वाचत उभे होते. मला म्हणाले, "साब, हम भी आते." या म्हटलं.

अनू, मी वर्षभर समजत होतो की आपण दूर राहिलो म्हणजे कोणाचं वाईट होत नाही. दूर राहूनही होतं. तुझ्या सासऱ्यांचं झालं, गौतमचं झालं, तुझंही होणार होतं. लोक अकरा तारखेलाही काही तरी म्हणतीलच. पण तुझ्या मागची मोकळी जागा बघून म्हणणार नाहीत. मी तिथं उभा असेन, आणि ज्याला विचारायचंय त्यानं मला विचारावं.

दिल्लीचं तिकीट रद्द केलं. अकराला सकाळीच कार्यालयात पोचतो. अक्काला म्हणावं, भांडी आपटणं आता पुरे.

तुझा,
मामा